कोमलला लागली म्हणं

आमच्याकडं उन्हाळा येत नाही, लागतो. पुण्याच्या माझ्या मावसबहिणीला हे सांगितलं की ती हसते. हसू दे. गंगाखेडच्या स्टँडवर भर दुपारी पालमच्या गाडीची वाट बघत एकदा उभी राहिली की तिचं हसू जागच्या जागी वाळेल. डांबर चपलेला धरून ठेवतं, बाकड्याच्या लोखंडाला हात लावता येत नाही, आणि घरी येऊन माणूस आडवा झाला की शेजारीण दारातूनच विचारते, "ऊन लागलं का काय?" मग कैरीचं पन्हं, तळपायाला कांद्याचा रस, डोळ्यांवर ओलं फडकं. एवढं करूनही अंगातलं ऊन लवकर उतरत नाही.

या एका क्रियापदावर आमचा अर्धा मराठवाडा चालतो. नोकरी लागते, शाळेत नंबर लागतो, फलाटावर गाडी लागते, मांडवात लग्न लागतं. आणि ठेच लागते, दृष्ट लागते, कडब्याच्या गंजीला आग लागते. चांगलं आणि वाईट एकाच दारातून घरात शिरतं, आणि कडी वाजते तेव्हा बाहेर कोण उभं आहे ते आतल्या माणसाला कळत नाही. मी काही भाषेची बाई नाही. इथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. पण त्या एका उन्हाळ्यापासून हा शब्द कानावर आला की मी आधी बोलणाऱ्याचं तोंड बघते.

यंदाही चैत्र लागला. आवारातला कडुलिंब फुललाय, पाण्याच्या टाकीखाली चिमण्यांची गर्दी झालीय आणि परीक्षा सुरू झाल्यात. परीक्षेबरोबर लग्नसराईही. सडकेवरून डीजे जातो तेव्हा वर्गाच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. पोरं लिहीत राहतात, नाहीतर नाचायला मिळत नाही म्हणून चुळबुळतात. पोरी मात्र पेन थांबवून ऐकतात, वरात कोणत्या बाजूला वळली ते. शेतं मोकळी असतात, पाव्हणे मोकळे असतात, म्हणून लग्नं याच दिवसांत. ज्यांची लग्नं असतात त्यांचा पेपर असतो, एवढं सोडलं तर सगळं सोयीचंच आहे. मार्च संपत आला की मी वर्गात शिरताना आधी रिकामे बाक मोजते. सगळे बाक भरलेले सहसा दिसत नाहीत.

आमच्या कॉलेजनं काही वर्षांपूर्वी प्रत्येक प्राध्यापकाला पोरं वाटून दिली. ज्यांच्या घरातून आधी कुणीच कॉलेजची पायरी चढलेलं नाही, अशी पोरं. त्यांचं हवं-नको बघायचं, अडलं तर सांगायचं. याला मेंटॉर-मेंटी म्हणायचं असं वरून आलं. आमचे शिपाई गफारभाई त्याला मेंटल-मेंटी म्हणतात. "मॅडम, तुमची मेंटी बाहर खडी है," असं ते स्टाफरूमच्या दारातून सांगतात तेव्हा सगळी स्टाफरूम माझ्याकडं बघून हसते. मीही हसते. पण काम खरं आहे. या पोरांना अभ्यास जड जात नाही, शब्द जड जातात. सेमिस्टर म्हणजे काय, जर्नल म्हणजे काय, बॅकलॉग म्हणजे काय. घरी विचारावं तर घरचे यांनाच विचारतात. परवाच येलदरीकडच्या एका पोरीनं मला विचारलं, "मॅडम, इंटर्नल म्हणजे पोटातलं ना?" मी तिला हसले नाही. मला एका शब्दानं काय होऊ शकतं ते माहीत आहे.

कोमल मला वाटणीला आली ती बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. पालम रस्त्यावरच्या, गोदावरीकाठच्या एका खेड्यातली. अंगानं काडी, आणि जीभ अशी की बसचा कंडक्टर घाबरावा. मी पहिल्याच आठवड्यात तिला अक्षरावरून बोलले, तर मान तिरकी करून म्हणाली, "मॅडम, तुमी रागवायलाव का शिकवायलाव? तसं सांगा, म्हंजे मी तसं तोंड करते." मला अशी पोरं आवडतात. मराठी शाळेतून आलेली, त्यामुळं इंग्रजीतलं रसायनशास्त्र तिला कळायचं नाही. ती ते पाठ करायची, स्वल्पविरामासकट. मधेच एक शब्द निसटला की मागचं सगळं ओघळून जायचं.

तिचे वडील सुदामभाऊ नदीच्या वाळूत टरबुजं लावायचे. पाणी आटलं की पात्रात खड्डे घ्यायचे, खत घालायचं, वेल चढवायचे, आणि मग रोज सकाळी उठून आधी नदीकडं बघायचं. वरच्या अंगाला धरणाचं पाणी सोडलं तर टरबुजं काढून घ्यायला वेळ मिळेलच असं नाही. शिवाय वाळू न्यायला टिप्पर येतात ते वेगळंच. कोमल सांगायची, बापू झोपेतही कान नदीकडं ठेवून असतात. मला तेव्हा ते ऐकायला छान वाटायचं. पुढं त्याच उन्हाळ्यात माझीही झोप तशीच झाली.

कारण घरात एक करार होता. कोमलच्या मोठ्या चुलत्यांनी, त्यांना घरात आबा म्हणतात, तिच्यासाठी बारावीलाच स्थळ बघून ठेवलं होतं. पोरगा चाकणला कंपनीत, आबांच्या सासरवाडीतला. सुदामभाऊंनी भावाच्या हातापाया पडून थोडी सवड मागून घेतली आणि लेकीला सांगितलं, "शीक. मी कवाच आडवा येणार न्हाई. पण एकदा जरी नापास झाली तं मंग माझ्या हातात काही न्हाई." आबांनी ते चारचौघांत वदवून घेतलं होतं. त्यामुळं पोरीचं सगळं कॉलेज एका नापास होण्याच्या अंतरावर उभं होतं, आणि हे तिला, मला आणि आबांना अगदी नीट ठाऊक होतं.

हिवाळ्यातल्या परीक्षेचा निकाल आला आणि रसायनशास्त्र गेलं. एखाददुसरा विषय राहिला तरी पोराला पुढं बसू देतात, तो विषय नंतर सोडवायचा. त्या सवलतीला आमच्याकडं सगळे एटीकेटी म्हणतात. आणि आम्ही सगळे, प्राचार्यांपासून कँटीनवाल्यापर्यंत, म्हणतो काय? एटीकेटी लागली.

रात्री जेवताना सुदामभाऊंनी विचारलं, "निकालाचं काय झालं गं?" कोमलनं ताटातून वर न बघता सांगितलं, "एटीकेटी लागली." तिनं डोळे मिटून घेतले होते, म्हणे, आता ताट भिरकावलं जाईल म्हणून. काहीच झालं नाही. बापूंचा हात घासावरच थांबला. "लागली?" त्यांनी हळूच विचारलं. "हं." त्यांनी हात धुतला, टोपी घातली आणि ते पारावर गेले. थोड्या वेळानं दोन बाया साखर मागायला आल्या आणि कोमलच्या गालावरून हात फिरवून गेल्या. कुणी म्हणालं लाईटीच्या ऑफिसात लागली, कुणी म्हणालं बँकेत. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून तिनं हे सगळं सांगितलं. "मॅडम, मी खोटं बोललेच न्हाई," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. नव्हतीच बोलली.

मग सुदामभाऊ स्वतः कॉलेजात आले. धोतर पांढरंशुभ्र, खांद्यावर पोतं, पोत्यात हंगामातली पहिली टरबुजं. कोमल त्यांच्या पाठीमागं, भिंतीला चिकटून. "मॅडम, कोमलला लागली म्हणं," ते म्हणाले आणि त्यांनी पोतं माझ्या टेबलाशी उतरवलं. मी टरबुजांकडं बघितलं, कोमलकडं बघितलं. तिनं मान हलवली नाही, हात जोडले नाहीत, नुसती माझ्याकडं बघत राहिली.

"हो भाऊ," मी म्हणाले, "लागली."

"मंग रुजू कवा व्हायचं?"

"आधी उन्हाळ्यात एक पेपर द्यावा लागेल. तो निघाला की पुढचं."

"ते तं लागंलच," ते समजून मान हलवत म्हणाले. "टरेनिंगच म्हणा की."

मी गप्प बसले. आजही तसा प्रसंग आला तर गप्पच बसेन. ज्याला मला शहाणपण शिकवायचं असेल त्यानं आधी त्या पोरीचे डोळे बघून यावं. आमचा हिशेब सरळ होता. पेपर निघाला की नापास हा शब्दच संपला, आणि मग एटीकेटी म्हणजे काय हे कुणीही कुणालाही खुशाल सांगावं. तोवर फक्त कुणी सांगू नये.

आणि कुणीही सांगू शकत होतं. हे मला जसजसं कळत गेलं तसतसा तो उन्हाळा अंगावर यायला लागला. पालमच्या गाडीतला कंडक्टर तिला "एटीकेटीवाल्या ताई, पुढं बसा" म्हणायला लागला. हा माणूस भाबडेपणानं म्हणतोय का चिडवतोय, ते तिला कळेना. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली, पुण्याची पोरं लग्नांसाठी गावात उतरली. त्यांच्यातली निम्मी कुठं ना कुठं कॉलेजात जाऊन आलेली. पारावर बसून सुदामभाऊ त्या प्रत्येकाला बोलावून सांगायचे. कोमल दूरवरून बघायची, समोरच्याच्या ओठांवर हसू कसलं आलं ते. घरात भांडं पडलं तरी तिला वाटायचं, कळलं. स्टाफरूममध्ये फोन वाजला की मला वाटायचं, कळलं. बाहेर ऊन असं तापलेलं की दुपारी रस्त्यावर कुत्रं नसायचं. काही घडत नव्हतं, तेच भारी होतं. परभणीच्या उन्हाळ्यात संध्याकाळी वारा एकदम पडतो आणि झाडाचं पान हलत नाही, तेव्हा जुनी माणसं अंगणातल्या खाटा आत घेतात. तसे ते दोन महिने होते.

आम्ही रोज दुपारी प्रयोगशाळेत बसायचो. मी रसायनशास्त्राची नाही, त्यामुळं मलाही आधी घरी वाचून यावं लागायचं. पाठांतर बंद केलं. तिला मराठीत समजून घ्यायला लावलं, मग इंग्रजीत लिहायला. ती समीकरणं जुळवायला शिकली. डावीकडं जेवढं, उजवीकडं तेवढंच. तिला ते आवडायला लागलं. एकदा समीकरण जुळल्यावर तिनं बाक वाजवला आणि गफारभाई धावत आले, काही फुटलं का म्हणून.

मग एक दिवस ती आली ती गप्पच. बॅग ठेवली, वही उघडली. विचारलं तर म्हणाली, पाव्हण्यांना कळलं. मी हातातलं पुस्तक मिटलं. "काय कळलं?"

"मला लागली ते."

चाकणच्या स्थळाला आबांनी मोठ्या अभिमानानं निरोप धाडला होता. आणि लागलेली पोरगी हातची जाईल म्हणून पाव्हण्यांनी घाई केली होती. सुपारी फोडायचा दिवस धरला, तोही पेपरच्या आदल्या दिवशीचा. म्हणजे साखरपुडा रविवारी, पेपर सोमवारी, आणि लग्न पुढच्याच महिन्यात. सुदामभाऊही कबूल झाले होते, कारण पोरीला लागली म्हणजे शिकणं संपलं, आता त्यांना अडवायला निमित्तच उरलं नव्हतं. पाव्हणे म्हणाले होते, लग्नानंतर नोकरी करू देऊ. ज्या शब्दाच्या आड ती दोन महिने लपली होती त्यानंच तिला बाहेर ओढून काढलं होतं.

"मॅडम," तिनं वहीतच बघत विचारलं, "पास झाले तरी लगीन, नापास झाले तरी लगीन. मंग आपण हे काहून करायलाव?"

"हायड्रोजन मोज," मी म्हणाले. तिनं मोजले.

त्यानंतर तिनं मला एकदाही उलटं उत्तर दिलं नाही. सांगितलं की लिहायची, थांब म्हटलं की थांबायची. मला कशापेक्षाही त्याची धास्ती वाटत होती. आजही एखादी बडबडी पोरगी अचानक शहाण्यासारखी वागायला लागली की मी तास संपल्यावर तिला थांबवून घेते.

सुपारीला मी गेले. सुदामभाऊ स्वतः बोलवायला आले होते, नाही कसं म्हणणार. अंगणात हिरवं शेडनेट ताणलेलं, त्याखाली सतरंजी, टेबलफॅनचं तोंड पाव्हण्यांकडं. नदीकडून गरम वारा येत होता. कोमल निळ्या साडीत, डोक्यावरून पदर, पाटावर खाली बघत बसलेली. मी बायकांत बसले. माझ्या हातात सरबताचा ग्लास होता आणि तो मला पिता येत नव्हता.

नवऱ्या मुलाचा एक चुलतभाऊ होता, नांदेडला इंजिनिअरिंगला असलेला. चांगला पोरगा, वाईट हेतू काहीच नाही. गप्पा निघाव्यात म्हणून त्यानं विचारलं, "वहिनी, कितव्या सेमला आहात?" आबांनी कौतुकानं मधेच सांगितलं, "अरे शिकती कशाला आता. एटीकेटीत लागली ती." पोरगा आधी हसला, मग सगळ्यांची तोंडं बघून हसायचा थांबला. "काका," तो अवघडून म्हणाला, "एटीकेटी म्हणजे विषय राहतो. नापास."

टेबलफॅनचा तेवढा आवाज. मग एकेक करून सगळ्या माना माझ्याकडं वळल्या, आणि शेवटी सुदामभाऊंची वळली.

"मॅडम, खरं हाय का?"

"खरं आहे," मी म्हणाले. "एक विषय राहिलाय. उद्या त्याचाच पेपर आहे. ती तयार आहे, भाऊ."

"म्हंजे नोकरी न्हाई."

"नाही."

ते खाली बघत राहिले. मला वाटलं, आता उठतील आणि पोरीवर हात टाकतील. आबांचा चेहरा लालबुंद झाला होता. कोमलची पाटाच्या कडेवरची बोटं पांढरी पडली होती. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात काय काय बघितलं ते आता सांगवत नाही.

आणि मग नवऱ्याचे मामा, सफारीतले, पान खाल्लेले, मोठ्यानं हसले. "असू द्या ओ सुदामराव. एवढं काय तोंड पाडायलाव? नापास काय आन् पास काय. आमाला काहीच फरक पडत न्हाई. घ्या सुपारी घ्या." सगळ्या अंगणानं श्वास सोडला. बायका हसायला लागल्या. आबा म्हणाले, "बघ सुदाम, कशी मोठ्या मनाची माणसं हायेत." कुणीतरी हळदीकुंकवाचं ताट पुढं सरकवलं. दोन महिने मी ज्याला भीत होते ते घडलं होतं आणि त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. खरं बाहेर आलं तर घात होईल असं आम्ही समजत होतो. तिच्या शिकण्याचं खरं-खोटं काहीच कुणाच्या खिजगणतीत नव्हतं, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ताट सुदामभाऊंच्या पुढ्यात आलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"फरक पडत न्हाई?" त्यांनी मामांना विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"न्हाई हो."

"पास झाली असती, पयली आली असती, तरी?"

"तरी बी हेच. आमाला पोरगी पसंत हाय."

सुदामभाऊंनी ताट हातानं बाजूला केलं. "माझं लेकरू दोन महिने झालं जेवत न्हाई नीट," ते म्हणाले. "मी समजायलो, नोकरीचं टेन्शन घ्यायलंय. आता कळलं काहून ते. ती नापास झाली हे मला आत्ता कळलं आन् मला लय लागलं. तुमाला काहीच न्हाई लागलं. मंग तुमच्या घरात ती पास झाली काय आन् मेली काय."

"सुदाम," आबा ओरडले.

"दादा, मी शब्द दिलता, मला ठावं हाय. मोडायलोय." आणि पाव्हण्यांकडं वळून त्यांनी हात जोडले. "जेवून जा. पण सुपारी न्हाई."

जेवायला कुणी थांबलं नाही. आबा चपला घालून गेले ते दोन भावांच्या घरांमधल्या दाराला कडी लावूनच. गाड्या धूळ उडवत सडकेला लागल्या. कोमलची आई चुलीपाशी बसून रडत होती, कारण उद्यापासून या गावात राहायचं तिला होतं. सुदामभाऊ कोमलशी एक अक्षर बोलले नाहीत, माझ्याशीही नाही. मी शेवटच्या गाडीनं परत आले तेव्हा उद्या ती पेपरला येईल का, हे मला कुणीच सांगितलेलं नव्हतं, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

सोमवारी ती आली. बापूंच्या मोटारसायकलवर मागं बसून, डोळे सुजलेले, कालचीच निळी साडी. पर्यवेक्षणाला मी दुसऱ्या वर्गात होते. अर्ध्या तासानं पाणी प्यायच्या निमित्तानं व्हरांड्यातून गेले, तर ती खाली मान घालून लिहीत होती. सडकेवरून एक वरात गेली, काचा थरथरल्या. तिनं मान वर केली नाही. सुदामभाऊ फाटकाबाहेर उन्हातच उभे होते. गफारभाईंनी दोनदा आत सावलीत बोलावलं, तरी आले नाहीत.

घंटा झाली. ती बाहेर आली आणि त्यांच्यापासून चार पावलांवर थांबली. मी फाटकाच्या आतच उभी राहिले.

"झाला का?" त्यांनी विचारलं.

"झाला."

"कसा गेला?"

तिला खोटं बोलायला ही चांगली वेळ होती. "सांगता येत न्हाई, बापू," ती म्हणाली. "एक मोठा प्रश्न आलाच न्हाई मला."

सुदामभाऊंनी टोपी काढून कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा घातली.

"निघाला तं निघाला," ते म्हणाले. "न्हाई तं परत बसायचं. बस मागं, ऊन व्हायलंय."